सोलापुरात राहून निर्यात नियंत्रण आणि निर्बंधांच्या कायद्यात वकिली : जमेल का?

पार्कचौक
नमस्कार मंडळी. मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. दिवाणी दावे, वाटणीपत्रं, कलम १३८ च्या चेक बाउन्सच्या केसेस, इथे बहुतेक जण करतात तेच. हल्ली मात्र ऑफिसात वेगळेच कागद यायला लागलेत. टेरी टॉवेलवाल्या एका अशिलाकडे अमेरिकन खरेदीदाराने कापूस कुठल्या जिनिंगचा आणि सूत कुठल्या लॉटचं याचा पुरावा मागितला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग युनिटला जर्मन पुरवठादाराने बेअरिंगच्या करारात 'हा माल रशियात जाणार नाही' असं कलम घालून पाठवलं. तिसऱ्याचे दुबईहून येणारे डॉलर मधल्या बँकेने रोखून धरले, कारण एका ओळीचं : निर्बंध तपासणी.

तिघांनी आधी सीएला विचारलं, मग क्लिअरिंग एजंटला, आणि कुठेच उत्तर मिळेना तेव्हा वकील आठवला.

म्हणून वाचायला बसले. विदेश व्यापार (विकास आणि नियमन) कायदा १९९२, त्यात २०१० च्या दुरुस्तीने आलेलं चौथं-अ प्रकरण, सामूहिक संहाराच्या शस्त्रांबद्दलचा २००५ चा कायदा, डीजीएफटीची (विदेश व्यापार महासंचालनालयाची) निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची स्कोमेट यादी, अमेरिकेच्या ओफॅकची, म्हणजे तिथल्या अर्थखात्याच्या निर्बंध कार्यालयाची, नावांची यादी. मनापासून गोडी लागली. माझं मत असं झालंय की ज्या गावातून टॉवेल, डाळिंब, रसायनं आणि इंजिनाचे भाग बाहेर जातात, त्या गावात हे कागद वाचणारा वकील हवाच. हे काम सोलापुरात राहून करता येईल का? शिकायचं कुठून? अशील फी देतील का? आणि मुळात याला वकिली म्हणायचं की सल्लागारी? अनुभवी लोकांनी सांगावं.

शेंगाचटणी
पहिला नंबर माझा! ओ मॅडम, आमची शेंगाचटणी स्कोमेटमध्ये येते का तेवढं सांगा. पुण्याच्या जावयाने चमचाभर खाल्ली आणि तांब्याभर पाणी प्यायला.

जुनाकोट
मॅडम, उत्साहाचं कौतुक आहे. मी याच कोर्टात केस पांढरे केलेत, म्हणून स्पष्ट बोलतो. सोलापुरात अशी कामं वर्षाला किती येणार? महत्त्वाचं म्हणजे अमेरिकेच्या याद्या हा आपला कायदा नाही. भारत फक्त संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे निर्बंध मानतो आणि त्यासाठी १९४७ चा स्वतंत्र कायदा आहे. एखाद्या देशाने एकतर्फी लादलेले निर्बंध आपण मानत नाही, ही सरकारची जाहीर भूमिका आहे. ३० ऑक्टोबर २०२४ ला अमेरिकेने रशियाच्या कारणावरून जवळपास चारशे नावं यादीत टाकली, त्यात १९ भारतीय कंपन्या होत्या. तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं की आमच्या समजुतीप्रमाणे या व्यवहारांत भारतीय कायद्याचा भंग नाही. वकिलाने देशाचा कायदा सांगावा. वॉशिंग्टनचं काय चाललंय ते वॉशिंग्टनचे वकील बघतील.

पुणेरी_सोलापूरकर
जुनाकोट सर, कायदा म्हणून तुमचं शंभर टक्के बरोबर. मी पुण्यात एका परदेशी बँकेच्या केंद्रात याच कामात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

सोलापूरच्या माणसाने दुबईच्या माणसाला माल विकला. दोघांपैकी कुणीच अमेरिकन नाही. पण बिल डॉलरमध्ये असलं की पैसे बहुतेक वेळा न्यूयॉर्कच्या बँकेतून फिरून येतात. त्या क्षणी व्यवहाराला अमेरिकेचा कायदा चिकटला. तंबाखू क्षेत्रातल्या एका भारतीय कंपनीने उत्तर कोरियाला माल पाठवला होता. पैसे तिसऱ्या देशातल्या मध्यस्थांकडून आले, पण डॉलरमध्ये. २०२३ मध्ये त्या कंपनीला ओफॅकशी ३,३२,५०० डॉलरची तडजोड करावी लागली. बँका इतक्या का घाबरतात तेही बघा. २०१४ मध्ये एका फ्रेंच बँकेला निर्बंध मोडल्याबद्दल सुमारे ८.९ अब्ज डॉलर भरावे लागले. तेव्हापासून शंका आली की बँक आधी पैसे थांबवते आणि मग प्रश्न विचारते.

भारतीय कायद्याने गुन्हा नाही, हे वाक्य निर्यातदाराच्या खात्यात पैसे आणत नाही. त्याला दोन्ही गोष्टी सांगणारा माणूस लागतो.

मागवाला
लई बरोबर बोललात. आमचं कुणी ऐकूनच घेत नाही. आम्ही टॉवेल विणतो, बंदूक नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, त्यातले २५ टक्के रशियाच्या तेलापायी. आता तेलाचा आणि टॉवेलचा काय संबंध सांगा? ऑर्डरी थांबल्या, माग बंद, कामगार घरी बसले. कायदा काय असतो ते वकिलाने सांगायच्या आधी आम्हाला पोटाने कळतो.

न्हावाशेवावाला
कस्टम ब्रोकरच्या ऑफिसात काम करतो, मूळ गाव बार्शी. मॅडमच्या धाग्यात क्लिअरिंग एजंटचा उल्लेख आहे म्हणून लिहितोय.

आमच्याकडे माल येतो तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं. करार झाला, एलसी (बँकेची पैशांची हमी) आली, कंटेनर सील झाला, आणि मग फोन येतो की जरा बघा काही अडचण नाही ना. अडचण असली तर त्या वेळी करायला फारसं काही उरत नाही. पार्टी विचारते, एचएस कोड (कस्टम्सचा मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) बदलून टाकता येईल का. नाही येत मालक, ती चुकीची घोषणा होते, कस्टम्स कायदा १९६२ खाली माल जप्त होतो आणि दंड वेगळा.

नवीन वकिलांना एक गोष्ट सांगतो. जहाजाचं नाव बघून समाधान मानू नका. जहाजाचं नाव बदलतं, मालक बदलतो, झेंडा बदलतो. आयएमओ क्रमांक बदलत नाही. सात आकडी असतो आणि जहाज भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. तो घेऊन निर्बंधांच्या यादीत शोधायचं. तसंच बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालपावतीवर, माल घेणारा म्हणून नुसता फॉरवर्डर (वाहतुकीचा मध्यस्थ) दिसला आणि खरा वापरकर्ता कुठेच नसला की तिथेच थांबायचं.

विधी_तिसरेवर्ष
स्कोमेट म्हणजे नक्की काय, कोणी सोप्या भाषेत सांगेल का? आम्हाला अभ्यासक्रमात यातलं काहीच नव्हतं.

केमिस्ट्री_चिंचोळी
@विधी_तिसरेवर्ष, मी चिंचोळी एमआयडीसीत एका रसायन कारखान्याचं निर्यातीचं काम बघते. स्कोमेट ही डीजीएफटीची यादी. साध्या कामातही वापरता येतात आणि शस्त्रं बनवायलाही वापरता येतील अशा वस्तू, उपकरणं, सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञान तिच्यात असतं. शून्यापासून आठपर्यंत वर्ग आहेत, सातवा राखीव. शून्य म्हणजे अणुऊर्जेचं, त्याची परवानगी अणुऊर्जा विभाग देतो. सहावा लष्करी सामानाचा, तो संरक्षण उत्पादन विभागाकडे. बाकीचं बरंचसं डीजीएफटीकडे, तिथे अनेक मंत्रालयांचा मिळून एक कार्यगट अर्ज तपासतो. निर्यात नियंत्रणाचे आंतरराष्ट्रीय गट आहेत. भारत २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या एमटीसीआरमध्ये, २०१७ मध्ये वासेनार गटात आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया गटात गेला, त्यामुळे आपली यादी आता त्यांच्या याद्यांशी बरीच जुळते.

ट्रायइथेनॉलअमाइन घ्या. सौंदर्यप्रसाधनांत, सिमेंटच्या कामात सर्रास वापरतात. पण रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात ते आहे, म्हणून स्कोमेटच्या पहिल्या वर्गातही आहे. आता ऑर्डर इजिप्तहून आली तर? इजिप्त त्या कराराचा सदस्य नाही. तेच रसायन, तोच ड्रम, पण देश बदलला की नियम बदलतो. विक्री विभागातल्या मुलाला हे कोण सांगणार? त्याला महिन्याचं टार्गेट असतं.

आणखी एक. नुसतं ड्रॉइंग किंवा प्रोसेसची कृती ईमेलने बाहेर पाठवली तरी ती निर्यात धरली जाते. यादीतल्या तंत्रज्ञानाला परवानगी लागते, मग ते कागदावर जावो की ईमेलने. आमच्याकडे हे पटवून द्यायला मला सगळ्यात जास्त घसा कोरडा करावा लागला.

@शेंगाचटणी, चटणी स्कोमेटमध्ये नाही, निर्धास्त राहा. पण युरोपला पाठवणार असाल तर शेंगदाण्यातल्या अफ्लाटॉक्सिनची मर्यादा कडक आहे, दाण्याचा लॉट तपासून घ्या.

शेंगाचटणी
अरे वा, गमतीत विचारलं आणि कामाचं उत्तर मिळालं. काकूंना सांगतो, त्यांचा मुलगा हॉलंडला चटणी पाठवायचं म्हणतोय.

डाळिंबबाग
सांगोल्याकडचा शेतकरी आहे, निर्यातदारामार्फत माल जातो. टॉवेलवाले कापसाच्या पुराव्याचं म्हणत होते त्यावर सांगतो. आम्हाला अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या अनारनेटवर बागेची नोंदणी करावी लागते, द्राक्षवाल्यांना ग्रेपनेटवर. युरोपला गेलेल्या पेटीवरून ती कुणाच्या प्लॉटमधली ते शोधता येतं. सुरुवातीला डोक्याला ताप वाटला. आता तक्रार आली तर सगळ्यांचा माल बदनाम होत नाही, ज्याचा त्याचा प्लॉट सापडतो. मागवाल्यांना असं का जमू नये?

मागवाला
डाळिंबबाग दादा, तुमचं फळ झाडावरून थेट पेटीत जातं. आमचं तसं नाही. कापूस एका गावचा, जिनिंग दुसरीकडे, गिरणी तामिळनाडूत नाहीतर गुजरातेत. सूत आम्ही इथल्या व्यापाऱ्याकडून घेतो, त्याच्या गोदामात चार गिरण्यांचा माल. मग सायझिंग (सुताला खळ लावणं) एकाकडे, विणकाम मजुरीवर दुसऱ्याकडे, डाईंग तिसऱ्याकडे. पोत्यावर गिरणीचं लेबल असतं, त्यावर लॉट नंबर असतो. पोतं फोडून सुताचे कोन काढले की लेबल केरात आणि रिकामी पोती भंगारवाल्याकडे. तो कागद कुणी जपून ठेवायचा असतो हेच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

पार्कचौक
मागवाला अण्णा, माझ्या अशिलाचं अगदी हेच झालंय. अमेरिकेचा उइगुर सक्तमजुरीविरोधी कायदा २०२१ चा, लागू झाला २१ जून २०२२ पासून. चीनच्या शिनजियांग प्रांतातला कच्चा माल कुठल्याही टप्प्यावर आत आला असेल तर तो सक्तीच्या मजुरीचाच, असं अमेरिकन कस्टम्स गृहीत धरतं. तसं नाही हे आयातदाराने भक्कम पुराव्यानिशी दाखवायचं. त्यामुळे आयातदार कापसापासून टॉवेलपर्यंतची अख्खी साखळी आपल्याकडे मागतो. आपला कापूस विदर्भातला असला तरी तो तिथलाच आहे हे कागदावर दिसायला हवं. त्यात मला वकिलाचं काम स्पष्ट दिसतं. सायझिंगवाल्याच्या आणि डाईंगवाल्याच्या चलनावर लॉट नंबर लिहिण्याची अट मजुरीच्या करारातच घालायची, सूत व्यापाऱ्याकडून प्रत्येक बिलासोबत गिरणीच्या बिलाची प्रत घ्यायची. एवढं केलं तरी अर्धी लढाई झाली.

जुनाकोट
हे पटलं. मी आधी म्हणालो ते मागे घेत नाही, परदेशी कायद्यावर मत देण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि तसं मत देऊ नये. पण मजुरीचा करार, सूत खरेदीचा करार हे सगळं आपल्या करार कायद्यातलं आहे. त्यात हात घालायला सोलापूरच्या वकिलाला कुणाची परवानगी लागत नाही. अमेरिकन कायद्यावर लेखी मत लागलं तर तिथल्या वकिलाकडून घ्यावं. बार कौन्सिल विरुद्ध ए. के. बालाजी या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी वकिलांना इथे कायम वकिली करायला मनाई केली, पण प्रसंगी येऊन आपल्या देशाच्या कायद्यावर सल्ला देण्याची वाट मोकळी ठेवली. तेव्हा दोघांनी मिळून काम करता येतं.

जेबेलअलीकर
मी दुबईत लॉजिस्टिक्समध्ये आहे, घर होटगी रोडला. इथून दिसतं ते सांगतो. भारतातून आलेला माल इथल्या जेबेल अली बंदरात उतरतो आणि पुढे कुठे जातो हे कित्येक निर्यातदार विचारतच नाहीत. 'दुबई पार्टी पैसे देते ना, मग झालं' एवढाच विचार. पण पुढे तो माल इराणला किंवा रशियाला गेला आणि वस्तू संवेदनशील यादीतली असली तर तपास उलट्या दिशेने येतो. अमेरिका, युरोप, जपान आणि ब्रिटन यांनी मिळून पन्नास एचएस कोडची एक यादी केली आहे. त्यात चिप आहेत, तशी साधी बॉल बेअरिंगही आहेत. धाग्याच्या सुरुवातीला जर्मन बेअरिंगचं कलम आलंय ते त्याचमुळे.

पार्कचौक मॅडम, ते कलम जर्मन पुरवठादार हौसेने घालत नाही. युरोपीय संघाच्या ८३३/२०१४ या नियमावलीत १२-जी हे कलम आलं, २० मार्च २०२४ पासून त्याच्यावर ते बंधनकारक आहे. अमेरिका, जपान, ब्रिटन अशा काही देशांना सूट आहे, भारताला नाही. त्यामुळे 'कलम काढा' म्हणून भांडण्यात अर्थ नाही, तो काढूच शकत नाही. मात्र भंग झाल्यास किती टक्के दंड, आणि आपल्या गिऱ्हाइकाने परस्पर केलेल्या उद्योगाला आपण किती जबाबदार, यावर जरूर बोलता येतं. बहुतेक भारतीय खरेदीदार न वाचता सही करतात.

पुणेरी_सोलापूरकर
अगदी. शिवाय नाव यादीत नाही म्हणून विषय संपत नाही. ओफॅकचा ५० टक्क्यांचा नियम आहे. यादीतल्या एक किंवा अनेक लोकांची मिळून कंपनीत ५० टक्के किंवा जास्त मालकी असेल तर त्या कंपनीचं नाव कुठेच नसलं तरी ती निर्बंधित धरतात. म्हणून नव्या गिऱ्हाइकाचा भागधारकांचा तक्ता मागायचा. आपल्याकडे असं विचारायला लोक संकोचतात, समोरच्याला राग येईल म्हणून. खरं काम करणाऱ्या कंपनीला राग येत नाही, तिला हा प्रश्न रोज कुणीतरी विचारत असतंच.

डाळिंबबाग
आमच्या भागातली द्राक्षं रशियाला जातात. खाण्याच्या वस्तूवर बंदी नाही म्हणतात, मग पैसे का लटकतात?

पुणेरी_सोलापूरकर
दादा, फळावर बंदी नाही, पण समोरची बँक यादीत असू शकते. स्बरबँक आणि व्हीटीबी या रशियाच्या मोठ्या बँकाच अमेरिकेच्या यादीत आहेत. रिझर्व्ह बँकेने ११ जुलै २०२२ च्या परिपत्रकाने रुपयात व्यवहार करायची सोय केली, त्यासाठी परदेशी बँकेचं खास रुपया व्होस्ट्रो खातं इथल्या बँकेत उघडतात. तुमच्या निर्यातदाराला विचारा, बिल डॉलरमध्ये करतो की रुपयात, आणि पैसे कुठल्या बँकेतून येणार ते करारात लिहिलंय का. माल बोटीत चढल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नाही. पैसे वेळेत आले नाहीत तर फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली उत्तर निर्यातदारालाच द्यावं लागतं, त्याची बँक रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस प्रणालीत ते बिल थकीत दाखवते.

दक्षिणकसबा
अवांतर : यंदा गड्डा यात्रेत या धाग्याचा कट्टा करूया का? भाग्यश्री बटाटेवडा आणि स्कोमेट.

न्हावाशेवावाला
कट्ट्याला येतो, सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट काढून ठेवतो.

मूळ प्रश्नाकडे येतो. सोलापुरात हे जमेल का? माझ्या मते जमेल, पण कोर्टातल्यासारखी तारखेवर फी मिळेल अशी आशा नको. डीजीएफटीचं आपलं कार्यालय पुण्यात आहे, अर्ज सगळे ऑनलाइन, सुनावण्याही बऱ्याचदा ऑनलाइन होतात. कारणे दाखवा नोटीस आली तर उत्तर देणं हे शुद्ध वकिलीचं काम आहे. १९९२ च्या कायद्याखाली दंड मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत जातो, आयईसी (आयात-निर्यात कोड) निलंबित होऊ शकतो, आणि अपिलाची मुदत ४५ दिवसांची. आयईसी निलंबित म्हणजे धंद्याचं शटर खाली. अशा वेळी पार्टी फी देते, घासाघीस करत नाही.

जुनाकोट
त्यात भर घालतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. आयईसी निलंबनाच्या किंवा बेकायदा आदेशाच्या रिट याचिकेसाठी आता मुंबईला मुक्काम टाकावा लागत नाही. पूर्वी सोलापूरचा माणूस मुंबईचाच वकील करायचा कारण कोर्टच तिथे होतं. ते कारण आता उरलं नाही.

विधी_तिसरेवर्ष
शिकायचं कुठून यावर कोणी बोललंच नाही!

केमिस्ट्री_चिंचोळी
विदेश व्यापार धोरण २०२३ आणि त्याच्या कार्यपद्धती पुस्तिकेचं दहावं प्रकरण, दोन्ही डीजीएफटीच्या साइटवर फुकट आहेत. पहिल्यांदा तेच, सावकाश. मग स्कोमेट यादी उघडून आपल्या जिल्ह्यातून जाणारा एखादा माल घ्या आणि तो कुठे बसतो, का बसत नाही, ते लिहून काढा. नुसता एचएस कोड बघून चालत नाही, तांत्रिक वर्णन वाचावं लागतं, म्हणून कारखान्यातल्या इंजिनिअरशी किंवा केमिस्टशी बोलायची सवय लावा. निर्बंधांसाठी परदेशी संस्थांची प्रमाणपत्रं असतात, बँकेत नोकरी हवी असेल तर ती उपयोगी. वकिली करायची तर आधी एका कारखान्याचे खरे कागद बघा. विधी महाविद्यालयातून कुणी मुलगी आली तर मी आमच्या साहेबांची परवानगी काढून देईन.

विधी_तिसरेवर्ष
मी येते! व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

पार्कचौक
सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या नेटक्या माहितीची अपेक्षाच नव्हती. जुनाकोट सरांचा मुद्दा लिहून ठेवलाय, परदेशी कायद्यावर मत द्यायचं नाही, धोका कुठे आहे तेवढं दाखवायचं आणि करार आपल्या कायद्याने बांधायचा. वकिलाला जाहिरात करता येत नाही, पण चेंबर ऑफ कॉमर्समध्ये किंवा यंत्रमागधारकांच्या बैठकीत जाऊन हा विषय मोफत समजावून सांगायला हरकत नसावी. माल भरायच्या आधी लोक विचारायला लागले पाहिजेत, माझा सगळा जोर आता त्यावर राहणार. नंतर आलेल्याला सहानुभूतीपलीकडे फार काही देता येत नाही, हे मला सहन होत नाही.

मागवाला
मॅडम, मग माझ्यापासूनच सुरुवात करा. खरेदीदाराने शुक्रवारपर्यंत सही करून मागितलंय की आमच्या मालात शिनजियांगचा कापूस प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, कुठल्याही स्वरूपात नाही, आणि निघाला तर सगळं नुकसान आम्ही भरू. सही करू का?

जुनाकोट
अजिबात नाही, निदान या शब्दांत नाही. गिरणीत काय झालं ते तुम्ही पाहिलेलं नाही. तुमच्याकडच्या कागदपत्रांनुसार आणि गिरणीने दिलेल्या लेखी हमीनुसार, असं लिहा. हमीची प्रत जोडा. भरपाईला त्या खेपेच्या बिलाच्या रकमेची मर्यादा घाला.

पार्कचौक
सरांशी पूर्ण सहमत. अण्णा, उद्या साडेपाचनंतर ऑफिसला या. खरेदीदाराचा मसुदा, सूत व्यापाऱ्याची या ऑर्डरची बिलं, सायझिंग आणि डाईंगची चलनं घेऊन या. व्यापाऱ्याला आजच फोन करून गिरणीचं नाव आणि लॉट नंबर मागून ठेवा, गुरुवारी हमीपत्र हातात आलं तरच शुक्रवार गाठता येईल.